डोळ्यातले इंजेक्शन गुठळी विरघळवत नाही
रेटिनाची (डोळ्याच्या मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याची) शीर तुंबल्यावर डोळ्यात दिले जाणारे इंजेक्शन गुठळी विरघळवून रक्तप्रवाह मोकळा करते, हा जुना समज चुकीचा आहे. प्रवाह अडला की केशवाहिन्यांतला दाब वाढतो, ऑक्सिजन कमी पडतो, गुदमरलेल्या पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात आणि त्यामुळे वाहिन्या पाझरून मॅक्युलाला (रेटिनाच्या मध्यभागाला) सूज येते. इंजेक्शन या प्रथिनाला निष्प्रभ करते, अडथळा हटवत नाही. म्हणूनच औषधाचा असर ओसरल्यावर अनेकदा ते पुन्हा घ्यावे लागते. याच आजारात वापरला जाणारा लेसरही शीर उघडत नाही: भरपूर ऑक्सिजन वापरणाऱ्या प्रकाशग्राही पेशींपैकी काही जाळल्यावर (हा उपाय विचित्र वाटतो खरा) रेटिनामागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरातला ऑक्सिजन रेटिनाच्या आतल्या थरांपर्यंत पोहोचतो.