कॅलिफोर्नियातल्या घरावर नाव चढवायचंय? काउंटीत डीड नोंदवण्याची पद्धत

घर लग्नाआधी घेतलेलं, डीडवर, म्हणजे मालकी देणाऱ्या दस्तावर, एकट्याचंच नाव, आता जोडीदाराचं चढवायचं आहे. किंवा ट्रस्ट केला, पण घर ट्रस्टच्या नावावर करायचं राहूनच गेलं. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत हे दोन प्रश्न हमखास निघतात आणि दोन्ही कामं एकाच ठिकाणी होतात: काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याकडे. राज्यात ५८ काउंट्या आहेत आणि घर ज्या काउंटीत, नोंद तिथेच. फ्रीमाँटचं घर असेल तर अल्मेडा, सनीवेलचं असेल तर सँटा क्लारा. तुम्ही स्वतः कुठे राहता याचा संबंध नाही.

आपल्या डोक्यात असतं दुय्यम निबंधकाचं कार्यालय: देणारा-घेणारा हजर, ओळख पटवणारे साक्षीदार, फोटो, अंगठा, मग इंडेक्स टू. इथे रेकॉर्डरपुढे कुणी हजर राहायचं नसतं. सही सहसा फक्त देणाऱ्याची, तीही नोटरीसमोर. अंगठा मात्र इथेही सुटत नाही. घराच्या डीडसाठी नोटरी आपल्या नोंदवहीत उजव्या अंगठ्याचा ठसा घेतो.

खरा फरक पुढे आहे. महाराष्ट्रात विक्रीखत नोंदवल्याशिवाय घराची मालकी जात नाही. कॅलिफोर्नियात सही केलेलं डीड घेणाऱ्याच्या स्वाधीन झालं की त्या दोघांपुरती मालकी बदलली. नोंद करायची ती बाकीच्या जगाला कळावं म्हणून. पण ते डीड कपाटात पडून राहिलं, देणाऱ्याने तेच घर पैसे घेऊन तिसऱ्याला विकलं आणि त्या अजाण तिसऱ्याने आधी नोंद केली, तर घर त्याचं. म्हणून सही झाली की नोंदवून टाकावं.

रेकॉर्डर तपासतो तो कागदाचा साचा. नाव बरोबर चढलं का, हिस्सा नीट लिहिला का, हे तो बघत नाही. चुकीचं डीडही तितक्याच इमानाने नोंदवलं जातं.

कोणतं डीड?

ज्याच्या नावावर घर आहे तोच डीड देऊ शकतो. वकील लावायलाच हवा असं बंधन नाही. साधारणपणे ग्रँट डीड वापरतात. त्यात देणारा हमी देतो की हे घर मी आधी कुणाला दिलेलं नाही आणि लपवलेला बोजा नाही. क्विटक्लेम म्हणजे आपल्या हक्कसोडपत्राचा चुलतभाऊ: माझा काही हक्क असलाच तर सोडला, हमी कसलीच नाही.

नावांपुढचे शब्द डीडच्या नावापेक्षा महत्त्वाचे. ‘जॉइंट टेनंट्स’ लिहिलं तर एकाच्या पश्चात हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जातो. ‘टेनंट्स इन कॉमन’ लिहिलं तर तो वारसांकडे जातो. नवरा-बायकोसाठी ‘कम्युनिटी प्रॉपर्टी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप’ (दोघांची सामाईक मालमत्ता, एकाच्या पश्चात दुसऱ्याची) हा तिसरा पर्याय आहे. हा निर्णय मात्र जाणकाराला विचारून घ्यावा. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

आता आपल्या नावांचा घोळ. सगळी अनुक्रमणिका नावांवर चालते. जुन्या डीडवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं, असं असेल तर मालकीची साखळी तुटते. ज्या नावाने घर घेतलं तेही नव्या डीडवर लिहून जोडावं लागतं. स्पेलिंग जुन्या डीडवरून अक्षर न् अक्षर उतरवा.

कागद आणि पैसे

डीड साडेआठ बाय अकरा इंचाच्या कागदावर हवं. पहिल्या पानावर वर उजवीकडे अडीच बाय पाच इंच जागा रेकॉर्डरसाठी कोरी सोडायची. डावीकडे नोंद कोण मागतंय आणि मूळ कागद कुठल्या पत्त्यावर परत पाठवायचा ते. घराचा पार्सल नंबर (जागेला काउंटीने दिलेला क्रमांक), कराची बिलं कुठे पाठवायची तो पत्ता, आणि जुन्या डीडमधलं जागेचं पूर्ण कायदेशीर वर्णन. नुसता घरपत्ता म्हणजे वर्णन नव्हे. नोटरी एका सहीचे जास्तीत जास्त १५ डॉलर घेऊ शकतो.

सोबत मालकीबदलाचा प्राथमिक अहवाल, म्हणजे पीकॉर, भरून द्यायचा. नाही दिला तर २० डॉलर जास्त पडतात, शिवाय असेसर, म्हणजे मालमत्तेचं करमूल्य ठरवणारा काउंटीचा अधिकारी, नंतर विचारणा करतोच.

नोंदणी शुल्क काउंटीगणिक थोडं बदलतं. त्यावर २०१८ पासून घरबांधणी निधीचे ७५ डॉलर आहेत, एका व्यवहारात जास्तीत जास्त २२५. मालक स्वतः राहणार असलेल्या घराच्या हस्तांतराला यातून सूट आहे, पण तसं कागदावर लिहावं लागतं. न लिहिल्यास पैसे कापले जातात. हस्तांतर कराचा काउंटीचा दर ५०० डॉलरला ५५ सेंट. काही शहरं, उदाहरणार्थ सॅन होजे, वर आपला कर लावतात. मोबदला न घेता दिलेल्या घराला हा कर नाही, मात्र सूट मिळण्याचं कारण आणि कलम डीडवर हवं.

मालमत्ता कराची भीती बऱ्याच जणांना असते. जोडीदाराचं नाव चढवलं किंवा स्वतःच्या रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये घर टाकलं तर पुनर्मूल्यांकन, म्हणजे करासाठी घराची किंमत नव्याने ठरवणं, होत नाही. भावाला टेनंट्स इन कॉमन म्हणून अर्धा हिस्सा दिला, तर त्या अर्ध्याचं आजच्या बाजारभावाने होतं. वीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर असेल तर हा आकडा बोचतो.

सही करणारा भारतात असेल तर?

मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत वेळ घेऊन सही करता येते. नाहीतर भारतीय नोटरी आणि वर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा दाखला. मराठीत केलेलं मुखत्यारपत्र असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. शक्य असेल तर ते मुळातच इंग्रजीत करावं.

मृत्यूनंतर घर कुणाला द्यायचं ते सांगणारं ‘ट्रान्सफर ऑन डेथ’ डीड मात्र घाईचं आहे. दोन साक्षीदार हवेत, आणि नोटरी झाल्यापासून ६० दिवसांत नोंद झाली नाही तर ते निष्फळ.

नोंद झाल्यावर मूळ डीड टपालाने परत येतं. आलं की आधी स्पेलिंग आणि पार्सल नंबर ताडून पाहा. पुढच्या काही आठवड्यांत सरकारी वाटावं असं पत्रही येईल: ‘तुमच्या डीडची प्रमाणित प्रत मागवा’, आणि खाली भलामोठा आकडा. ते खासगी धंदेवाल्यांचं असतं. तीच प्रत काउंटीकडे थोडक्यात मिळते, आणि मूळ कागद तर तुमच्याकडेच असतो.