मूल ब्रशला नाही का म्हणतं?

ब्रश दिसला की तोंड घट्ट मिटून घेणाऱ्या मुलाला घरात पटकन हट्टी ठरवलं जातं. मग गाणी, आमिषं, धाक असं सगळं करून पाहिलं जातं आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा मूळपदावर येते. लहान मुलाच्या नकारामागे बहुतेक वेळा ठोस कारण असतं. पुष्कळदा ते तोंडातच सापडतं, म्हणून आधी ते शोधावं आणि मग उपायाकडे वळावं.

सुरुवात वरच्या ओठापासून करा. ओठ अलगद उचलला की पुढच्या दोन दातांच्या वर, मधोमध, हिरडीपासून ओठापर्यंत गेलेली एक मऊ पट्टी दिसते. एक ते तीन वर्षांच्या मुलांत ती बऱ्याचदा दातांच्या अगदी जवळ उतरलेली असते. आडवा ब्रश फिरवला की त्याची कड किंवा डोकं नेमकं तिच्यावर आदळतं आणि चांगलंच दुखतं. मुलाला हे सांगता येत नाही, ते फक्त तोंड फिरवतं. अशा वेळी आपली तर्जनी त्या पट्टीवर आडवी ठेवून ओठ वर धरायचा आणि बोटाच्या खालून, दात व हिरडी जिथे मिळतात तिथे, छोट्या गोलाकार हालचाली करत घासायचं. या एका बोटाने कित्येक लहानग्यांची रडारड थांबते. इतकी साधी गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

दुसरा संशय पेस्टवर घ्यावा. पुदिन्याची चव देणारं मेंथॉल मोठ्यांना थंडगार लागतं, पण लहान मुलांच्या जिभेला ते झोंबतं. ‘तिखट आहे’ असं मूल म्हणत असेल तर ते खरंच तसं लागतंय असं धरून चाला. काहींना चवीपेक्षा फेस नकोसा होतो, कारण तोंड भरून आल्यासारखं वाटतं. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली, सौम्य चवीची पेस्ट घेऊन पाहावी. दातांना किडीपासून जपणारं फ्लोराइड मात्र सोडू नये, ते साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) असावं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, एवढी पुरते. या वयात पेस्ट गिळली जातेच आणि रोज जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर हिरडीखाली तयार होत असलेल्या कायमच्या दातांवर पांढरे डाग पडू शकतात. थुंकता येऊ लागलं की थुंकायला शिकवावं, पण वर खळखळून चूळ भरायला लावू नये, नाहीतर दातांवर राहायला हवं ते फ्लोराइडही धुऊन जातं.

दाढांकडे जाताना उमासे येत असतील तर ब्रशचं डोकं मोठं आहे का ते पाहा. लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश घ्यावा, मुलाची हनुवटी किंचित खाली ठेवावी आणि खालच्या पुढच्या दातांपासून सुरुवात करून मागे सरकत जावं. मूल ब्रश चावत बसत असेल तर दोन ब्रश ठेवावेत. एक त्याच्या हातात चावायला राहू द्या, दुसरा तुमच्या हातात घासायला. चावून केस विस्कटलेला ब्रश दातांच्या कडांपर्यंत नीट पोहोचत नाही.

मूल एकाच बाजूला हात लावू देत नसेल, तर लाड-धाक बाजूला ठेवून दंतवैद्यांना दाखवा. तिथे कीड असू शकते. ओठ उचलल्यावर हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण आहे. या टप्प्यावर फ्लोराइडने नुकसान थांबवता येतं, तपकिरी खड्डा पडल्यावर तेवढ्याने भागत नाही. हिरडीतून रक्त येतं म्हणून घासणं बंद केलं तर साचलेल्या थराने सूज वाढते आणि रक्त आणखी येतं. मऊ ब्रशने रोज नीट घासलं की साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी होतं. झालं नाही, तरी दाखवायला हवंच.

तोंडात काहीच सापडलं नाही, तर प्रश्न बहुधा धास्तीचा किंवा स्वतःचं चालवण्याचा असतो. बालदंतवैद्य ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत १९५९ पासून वापरत आले आहेत. काय करणार ते सांगायचं, ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचा आणि जसं सांगितलं तसंच तोंडात करायचं. मुलाला सगळ्यात जास्त खुपतं ते हे कधी संपणार हे माहीत नसणं. म्हणून प्रत्येक भागासाठी मोठ्याने दहापर्यंत मोजा आणि दहाला ब्रश खरंच बाहेर काढा. ‘अजून थोडंसंच’ म्हणून एकदा जरी पुढे घासलंत, तरी उद्यापासून मोजण्यावरचा विश्वास उडतो. उलट, रडल्याबरोबर ब्रश ठेवून दिला तर रडलं की सुटका होते हे मूल शिकतं. तेव्हा आकडा पाचवर आणा, पण पाच पूर्ण करा. निवड द्यायची तर ‘घासायचे का?’ अशी नको, ‘आधी वरचे की खालचे?’ अशी द्यावी.

रात्रीचं घासणं सर्वात महत्त्वाचं. झोपेत लाळ फार कमी सुटते आणि तोंडातले जंतू उरलेल्या साखरेपासून जे आम्ल बनवतात, ते धुऊन टाकणारं दुसरं काही तोंडात नसतं. पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, विरघळू लागतं, आणि दुधाच्या दातांचं इनॅमल कायमच्या दातांच्या जेमतेम निम्म्या जाडीचं असतं. पेंगुळलेल्या मुलाशी झटापट होणारच, म्हणून जेवण आटोपल्यावर लगेच दात घासावेत आणि त्यानंतर फक्त पाणी द्यावं. साखर असलेलं औषधाचं सिरप ब्रशच्या आधी द्या.

सात-आठ वर्षांपर्यंत दिवसातून एकदा तरी मोठ्यांनी स्वतः घासायला हवं. तोवर मुलाच्या बोटांना ती सफाई आलेली नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. दूधदात न पडताच ती उगवते, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. वर येईपर्यंत ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते आणि नेहमीसारखा फिरवलेला ब्रश तिच्यावरून निसटून जातो. तिच्यासाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घाला. तोंड पूर्ण उघडायला सांगू नका, ते अर्धवट मिटलेलं असलं की गाल सैल पडतो आणि मागे ब्रशला जागा मिळते.