चेकबॉक्स की टूडू? ऑर्ग-मोडमधल्या दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी, आणि त्याच फाइलीतलं गणित

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधे ऑर्ग-मोड, म्हणजे नोट्स आणि कामाच्या याद्या ठेवायची सोय, नवीन नवीन वापरायला लागलेल्या माणसाची फाइल उघडून बघा, अर्धी कामं चौकोनी कंसवाल्या चेकबॉक्समधे असतात आणि अर्धी तारा लावलेल्या टूडू हेडिंगमधे, आणि कुठलं काम कुठे का गेलं हे विचारलं तर उत्तर येतं की त्या वेळी जे सुचलं ते. यात त्यांचा दोष नाही. ऑब्सिडियन किंवा मार्कडाउनवाल्या दुसऱ्या अ‍ॅपमधून आलेल्या माणसाला काम म्हणजे चेकबॉक्स एवढंच माहीत असतं, तिथे दुसरा प्रकारच नसतो. इथे दोन आहेत, दोन्हीला टिक करता येतं, दोन्हीची मोजणी होते, मग फरक काय असं वाटणारच.

फरक असा की टूडू हे हेडिंग आहे आणि चेकबॉक्स ही यादीतली एक ओळ आहे. ऐकायला फुसकं वाटतं पण सगळं इथूनच निघतं. ऑर्गमधे हेडिंगला स्वतःचं अस्तित्व असतं, त्याला तारीख लावता येते, टॅग लावता येतो, प्रायॉरिटी देता येते, त्यावर किती वेळ गेला ते घड्याळ लावून मोजता येतं, ते उचलून दुसऱ्या फाइलीत टाकता येतं, काम संपलं की अर्काइव्ह करता येतं. यादीतल्या ओळीला यातलं काहीच नाही, ती ज्या हेडिंगखाली आहे त्याची ती ओळ. म्हणून लिहिताना मी एकच बघतो, हे काम स्वतःच्या पायावर उभं आहे का दुसऱ्या कुठल्या कामाचा तुकडा आहे.

आमच्या इथल्या गणेशोत्सवाची फाइल घ्या. इंदूरच्या मराठी वस्त्यांमधे गणपती म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला अर्धं शहर रात्रभर रस्त्यावर असतं, आणि मंडळ कितीही छोटं असलं तरी कामं काही छोटी होत नाहीत. फाइलीचा एक तुकडा असा आहे, टूडू आणि डन या शब्दांच्या जागी मी करायचं आणि झालं ठेवलेत, सेटिंगमधे ते बदलता येतात, मराठीतही चालतात:

* करायचं गणेशोत्सव [1/3]
** झालं मंडपाची परवानगी
** करायचं मूर्ती ठरवणं
** करायचं प्रसादाची व्यवस्था [0/4]
   - [ ] सियागंजमधून साखर आणि तूप
   - [ ] गूळ, खोबरं
   - [ ] द्रोण-पत्रावळी
   - [ ] मोठी कढई कोणाकडे आहे ते विचारणं

वरचं [1/3] मी टाइप केलेलं नाही. हेडिंगच्या शेवटी नुसतं [/] टाकायचं आणि त्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबायचं, पुढे खालचं काही बदललं की आकडा आपोआप बदलतो. स्लॅशऐवजी टक्क्याचं चिन्ह टाकलं तर टक्के दिसतात. मंडळातल्या काकांनी फोन करून "काय रे भिया, किती झालं?" विचारलं की फाइल उघडायची आणि आकडा वाचून दाखवायचा, त्यांना तेवढंच हवं असतं.

आता परवानगी, मूर्ती आणि प्रसाद ही तीन हेडिंगं का आहेत आणि साखर-तूप चेकबॉक्स का आहे ते बघा. परवानगीला शेवटची तारीख असते, तिची फाइल वेगळी, माणूस वेगळा, ती चुकली तर बाकी सगळं असून उपयोग नाही. साखर-तुपाला स्वतःची तारीख नाही, प्रसादाच्या सामानाला ज्या दिवशी जायचं त्या दिवशी ते आणायचं, सियागंजच्या बाजारात एकट्या खोबऱ्यासाठी वेगळी चक्कर कोण मारणार.

पण चौथी ओळ बघा, कढईची. ती सामानाच्या यादीत बसलेली दिसते पण ती सामान नाही. कोणाला तरी फोन करायचाय, तोही आधी, कारण त्यांनी नाही म्हटलं तर भाड्याची कढई बघावी लागेल. चेकबॉक्स म्हणून हे काम मरतं, कारण ऑर्गच्या अजेंडामधे, म्हणजे आज काय काय करायचंय ते दाखवणाऱ्या पानावर, चेकबॉक्स येतच नाही. बरेच लोक मग जुगाड करतात आणि ओळीतच तारीख टाकतात:

   - [ ] मोठी कढई कोणाकडे आहे ते विचारणं <2026-08-20>

हे अर्धवट चालतं आणि म्हणूनच जास्त त्रास देतं. २० ऑगस्टला अजेंडामधे काहीतरी दिसतं खरं, पण दिसतं ते "प्रसादाची व्यवस्था", म्हणजे वरचं हेडिंग, कढईचा उल्लेखच नाही. आणि फोन करून चेकबॉक्स टिक केला तरी ती नोंद त्या दिवशीच्या अजेंडातून जात नाही, कारण ऑर्गच्या दृष्टीने तारीख हेडिंगची आहे, चेकबॉक्सची नाही.

याचा इलाज सोपा आहे. कर्सर त्या ओळीवर ठेवायचा आणि कंट्रोल-सी दाबून मग तारेची की दाबायची, चेकबॉक्सची ओळ सरळ टूडू हेडिंग होते, टिक केलेली असेल तर डन होते. उलटं करायचं असेल, म्हणजे हेडिंगची ओळ करायची असेल, तर तारेच्या जागी वजाची की. मात्र एक बघा, यादीच्या मधलीच ओळ हेडिंग केली तर तिच्या खाली उरलेले चेकबॉक्स त्या नव्या हेडिंगच्या पोटात जातात, कारण हेडिंगनंतर जे येतं ते त्याचंच असा आउटलाइनचा नियमच आहे. म्हणून आधी ती ओळ यादीच्या शेवटी न्यायची, ऑल्ट दाबून खालच्या बाणाने जाते, मग हेडिंग करायची.

एवढं केलं की पुढची गंमत सुरू होते. आता "प्रसादाची व्यवस्था" खाली तीन चेकबॉक्स आहेत आणि एक टूडू, मग वरच्या [0/4] ने मोजायचं काय? ऑर्गच्या मॅन्युअलमधेच लिहिलंय की अशा वेळी आकड्याचा अर्थ संदिग्ध होतो. त्यासाठी हेडिंगला कुकी-डेटा नावाची प्रॉपर्टी द्यायची आणि तिची किंमत चेकबॉक्स किंवा टूडू यातली एक ठेवायची, मग तेवढंच मोजलं जातं. दोन्हीची बेरीज करून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मला विचाराल तर एका हेडिंगखाली दोन्ही मिसळू नयेत हेच बरं, कढई वर मूर्तीच्या शेजारी नेऊन ठेवा, ती प्रसादाची असली तरी.

चेकबॉक्सची एक गोष्ट मात्र टूडूला सहज जमत नाही. एका ओळीखाली आत सरकवून अजून चेकबॉक्स दिले तर वरचा स्वतःच ठरवतो, खालचे सगळे झाले की तो टिक होतो, काही झाले काही राहिले तर त्यात [-] असं वजाचं चिन्ह येतं. टूडू हेडिंगचं तसं नाही, पोरं सगळी झाली तरी आई आपोआप डन होत नाही, ते आपल्याला करावं लागतं किंवा कोड लिहून करवून घ्यावं लागतं. आणि उलट, चेकबॉक्स बाकी असताना हेडिंग डन करायला ऑर्ग अडवत नाही, त्याचं सेटिंग आहे पण ते सुरुवातीला बंद असतं. ते चालू करून ठेवावं असं माझं मत, नाहीतर घाईत प्रसाद "झालं" होतो आणि पत्रावळी दुकानातच राहते.

दर महिन्याला येणाऱ्या कामात अजून एक. टूडूला रिपीट होणारी तारीख देता येते, डन केलं की तारीख पुढे सरकते आणि काम परत टूडू होतं. पण त्याच्या खालचे चेकबॉक्स तसेच टिक केलेले राहतात, ते स्वतः कोरे होत नाहीत. त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन आहे, किंवा मग हाताने काढायचे.

बारीक चुकांत सगळ्यात जास्त होणारी म्हणजे कंसात जागा न सोडणं. [] असं चिकटून लिहिलं तर तो चेकबॉक्स नाहीच, नुसते दोन कंस, मधे एक स्पेस पाहिजेच. टिक म्हणून ऑर्ग स्वतः कॅपिटल एक्स घालतो.

आता गणित, कारण याच फाइली इंदूरच्या भंवरकुआंकडच्या क्लासेसमधे शिकणारी आणि शिकवणारी मंडळी नोट्ससाठी वापरतात आणि तिथे असाच दुसरा जोडगोळीचा घोटाळा आहे. ऑर्गमधे अल्फा लिहायचे दोन रस्ते, नुसतं बॅकस्लॅश लावून अल्फा, किंवा तेच बॅकस्लॅश-अल्फा \( आणि \) यांच्या मधे. स्क्रीनवर दोन्ही सारखेच वाटतात आणि पीडीएफमधेही बहुतेक वेळा सारखेच निघतात. पण पहिल्याला ऑर्गमधे एंटिटी म्हणतात, ते एक अक्षर आहे, वाक्यातल्या बाकी अक्षरांसारखं, वेबपेजवर गेलं की तिथे साधं ग्रीक अक्षर पडतं. दुसरा लाटेक्सचा, म्हणजे गणित छापायच्या भाषेचा, तुकडा आहे, ऑर्ग त्याला हात लावत नाही, वेबपेजमधे तो मॅथजॅक्सकडे, म्हणजे ब्राउझरमधे गणित दाखवणाऱ्या साधनाकडे, जातो आणि पीडीएफमधे लाटेक्सकडे. म्हणून वाक्यात कोनाचं नाव घ्यायचं तर एंटिटी पुरे, पण समीकरण, अपूर्णांक, इंटिग्रल, वर्गमूळ असेल तर तुकडाच लागतो, एंटिटी जोडून जोडून समीकरण होत नाही.

बघायची पद्धतही वेगळी. एंटिटी कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स आणि बॅकस्लॅश दाबलं की जागेवर ग्रीक दिसायला लागते, काही इन्स्टॉल करायला नको. तुकड्याचा प्रीव्ह्यू कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एलने येतो पण त्यासाठी मशीनवर लाटेक्स पाहिजे, कारण तो खरंच लाटेक्स चालवून चित्र बनवतो.

ऑर्ग २००३ मधे सुरू केलं ते कार्स्टन डॉमिनिक यांनी, ते अ‍ॅमस्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ, आणि ईमॅक्ससाठीची रेफटेक्स आणि सीडीलाटेक्स ही लाटेक्सची साधनंही त्यांचीच. म्हणजे कामाच्या यादीच्या टूलमधे गणित कशाला असं वाटत असेल तर बनवणाराच रोज गणित लिहिणारा होता.

आणि आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास, कारण इंग्रजी ट्युटोरियलमधे हे सापडणार नाही. तुकड्याला \( \) ऐवजी दोन्ही बाजूंना एकेक डॉलरही चालतो, लाटेक्सची सवय असलेले सगळे तेच टाइप करतात. पण पैशांचा डॉलर आणि गणिताचा डॉलर यांची गल्लत नको म्हणून ऑर्गने नियम ठेवलाय, शेवटच्या डॉलरनंतर स्पेस, विरामचिन्ह किंवा डॅश असेल तरच ते गणित. इंग्रजीत हे फारसं अडत नाही. मराठीत आपण प्रत्यय चिकटवून लिहितो, त्यामुळे

$2^5$ची किंमत 32

हे गणित म्हणून ओळखलंच जात नाही, डॉलरची चिन्हंसुद्धा छापली जातात, आणि

\(2^5\)ची किंमत 32

हे नीट चालतं. वाक्य तेच, चूक शोधायला बसलात तर समीकरण तपासत बसाल आणि समीकरणात काही नसतंच, घोळ "ची" मधे असतो. म्हणून मराठी नोट्समधे डॉलर सोडाच, सरळ गोल कंसवालं लिहा. एंटिटीलाही हाच त्रास, बॅकस्लॅश-अल्फाला "चा" चिकटवला तर ऑर्गला नाव कुठे संपलं ते कळत नाही, मधे {} असा रिकामा महिरपी कंस टाकायचा, तो छापला जात नाही.

आकडेही बघून. लाटेक्सच्या तुकड्यात 2 आणि 5 असेच हवेत, तिथे २ आणि ५ टाकले तर साधं पीडीएफ-लाटेक्स अडतं. मराठी शब्द तुकड्यात घातले तरी तेच. पीडीएफ काढायचीच असेल तर एक्सपोर्टचं इंजिन झीलाटेक्स किंवा लुआलाटेक्स करा आणि देवनागरी फॉन्ट नेमून द्या, म्हणजे निदान वाक्यातलं मराठी नीट येईल. मराठी शब्द समीकरणाच्या बाहेरच ठेवलेले बरे.

राहिला अंडरस्कोर. तुकड्याच्या बाहेरसुद्धा ऑर्ग 2^5 ला घात आणि अंडरस्कोरला तळाचं अक्षर समजतो, म्हणून मंडळाच्या फाइलीत तुम्ही बजेट_अंतिम असं कुठल्या फाइलीचं नाव लिहिलं असेल तर एक्सपोर्ट केल्यावर "अंतिम" बारीक होऊन खाली लोंबकळतं. फाइलीच्या वरच्या ऑप्शन्सच्या ओळीत ^:{} एवढं टाकलं की महिरपी कंस असेल तिथेच घात-तळ धरला जातो, बाकी सगळे अंडरस्कोर जागच्या जागी राहतात.