टॉर्च चालला, भट्टी अडली: प्लाझ्मा कचरा प्रकल्पांची पार्श्वभूमी

प्लाझ्माने, म्हणजे विजेने प्रचंड तापवलेल्या वायूने, कचरा नष्ट करणाऱ्या प्रकल्पाचा आराखडा उघडला की नजर आधी टॉर्चवर, म्हणजे तो वायू तापवून सोडणाऱ्या नळीवर, जाते. साहजिक आहे, पाच हजार अंशांची आच दुसरं कोण देणार? पण जुने प्रकल्प पाहिले तर घोळ बहुतेकदा टॉर्चच्या आजूबाजूला झालेला दिसतो.

मुळात हे तंत्र कचऱ्यासाठी जन्मलंच नाही. नॉर्वेत शास्त्रज्ञ बिर्कलँड आणि अभियंता आयडे यांनी १९०३ मध्ये विजेच्या आर्कमधून, म्हणजे दोन टोकांमध्ये सतत पेटत्या ठिणगीतून, हवा सोडून तिच्यातला नायट्रोजन खतासाठी पकडला. चुंबकाच्या जोरावर तो आर्क तबकडीसारखा पसरायचा. वीज मात्र इतकी खायचा की स्वस्त जलविद्युत नसेल तिथे सगळंच आतबट्ट्याचं. (‘प्लाझ्मा’ हे नावही नंतरचं, अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूरने १९२८ मध्ये दिलेलं.)

१९६० च्या दशकात नासाला यानांची उष्णतारोधक कवचं जमिनीवरच तपासायची होती, म्हणून आर्कने हवा तापवणारे आर्क हीटर आले. पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या दोन नळ्या, मधल्या फटीत आर्क, त्यातून जोरात सोडलेली हवा. आजच्या अनेक टॉर्चची बांधणी साधारण अशीच असते. तांबं झिजतं, त्यामुळे टॉर्च काढण्या-घालण्याची सोय आराखड्यातच धरावी लागते.

कचऱ्यात पहिलं खरं यश मिळालं ते नकोशा मालावर. फ्रान्समध्ये मॉर्सेन्सला अॅस्बेस्टॉस वितळवून त्याचा काळा, काचेसारखा दगड करतात. त्याचे घातक तंतूच उरत नाहीत, मग भीती कशाची? स्वित्झर्लंडमध्ये व्युरेनलिंगेनला कमी किरणोत्सारी कचऱ्याचं तेच होतं. माल ओळखीचा, आणि तो कायमचा निकालात काढण्यासाठी पैसे मोजणारा कुणीतरी हजर.

गाडी घसरली ती ‘कचऱ्यातून वीज’ या मोहापायी. घरगुती कचरा आज ओला, उद्या प्लास्टिकने भरलेला. तो तापवून निघणाऱ्या वायूत डांबर, धूळ, क्लोरीन. हा वायू धुतल्याशिवाय वीज बनवणाऱ्या इंजिनाला चालत नाही. शिवाय तयार झालेल्या विजेतला मोठा वाटा टॉर्चच परत गिळतो. जपानच्या उताशिनाईला भट्टीच्या अस्तराने आधी छळलं, पुढे मोडीत काढलेल्या गाड्यांचा चुरा पुरेसा मिळेना. २०१३ मध्ये प्रकल्प बंद. कॅनडात ओटावाच्या प्लास्को कंपनीने २०१५ मध्ये धनकोंपासून कायदेशीर संरक्षण मागितलं. सर्वांत मोठा फटका इंग्लंडच्या टीज व्हॅलीत बसला: एअर प्रॉडक्ट्स या कंपनीने प्रत्येकी सुमारे ५० मेगावॉटचे दोन प्रकल्प उभारायला घेतले आणि २०१६ मध्ये अंग काढून घेतलं. माझ्या मते चूक आकाराची होती. छोट्या भट्टीत न सुटलेलं कोडं मोठ्या भट्टीत आपोआप सुटत नाही.

याउलट २०१७ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झालेली जेराल्ड आर. फोर्ड ही विमानवाहू नौका. तिच्यावरच्या प्लाझ्मा भट्टीत कागद, पुठ्ठा, कापड आधी कापसासारखं पिंजून घेतात, मगच आर्कपुढे सोडतात. तिने वीज विकावी, अशी कुणाची अपेक्षा नाही.