सर्पगंधा, ससे आणि डोपामिन

हवी ती नेमणूक मिळाली असती, तर स्वीडिश औषधशास्त्रज्ञ आर्विड कार्लसन बहुधा कॅल्शियमवरच काम करत राहिले असते. पण औषधशास्त्रात या विषयाला फारसं भवितव्य नाही, असं स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या परीक्षकांचं मत पडलं. कार्लसन यांनी विषयच बदलला आणि १९५५मध्ये काही महिने अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिले.

तिथे रेसरपिनवर जोरात काम चाललं होतं. हे रसायन आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं. तिने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम वकील यांनी १९४९मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडलं, तेव्हा कुठे पाश्चात्त्य जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं.

रेसरपिन टोचलेला ससा कान पाडून निपचित बसतो. मेंदूतल्या पेशी ज्या रसायनांमधून एकमेकींना निरोप धाडतात, ती बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. रेसरपिन ही साठवणच मोडतं. लुंडला परतल्यावर कार्लसन यांनी अशा सशांना डोपा टोचलं. डोपा म्हणजे कच्चा माल: त्यापासून आधी डोपामिन बनतं, मग निरोप नेणारं नॉरॲड्रेनॅलिन. थोड्याच वेळात ससे हिंडूफिरू लागले. पण मेंदू तपासले, तर नॉरॲड्रेनॅलिन काही परतलेलं नव्हतं! भरून आलं होतं ते डोपामिन, ज्याला तोवर नुसता मधला टप्पा समजत. मला विचाराल तर ससे उठले यापेक्षा, ते उठल्यावरही मेंदू तपासून पाहिला, यात खरी हुशारी होती.

डोपामिनही मेंदूत स्वतः निरोप नेतं, हे १९६०मध्ये लंडनच्या परिषदेत दिग्गजांना काही पटलं नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांना पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी आढळलं. डोपाचंच एक रूप असलेलं लेव्होडोपा आजही या आजारावरचं मुख्य औषध आहे. कार्लसन यांना नोबेल मिळालं ते २०००मध्ये.

दरम्यान ते औषधनिर्मितीतही उतरले होते. अस्त्रा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांना सोबत घेऊन त्यांनी ॲलर्जीवरच्या एका औषधात फेरफार केले आणि सेरोटोनिन हे मेंदूतलं आणखी एक निरोप नेणारं रसायन पेशीत परत शोषलं जाणं रोखणारं झिमेलिडिन तयार केलं. नैराश्यावरचं हे औषध १९८२मध्ये स्वीडनच्या बाजारात आलं. काही रुग्णांना गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा गंभीर विकार जडला आणि पुढच्याच वर्षी ते मागे घ्यावं लागलं. त्याच तत्त्वावर चालणाऱ्या प्रोझॅकला अमेरिकेत १९८७च्या अखेरीस परवानगी मिळाली. कंपनी मात्र दुसरी होती.