मानेतली गाठ काढली? मग ती तपासायला द्याच

‘लहानपणापासूनची गाठ आहे, दुखत नाही, खुपत नाही, मग तपासायची कशाला?’ लातूर, नांदेड, बीडकडून येणारे नातेवाईक आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर हे नेहमी विचारतात. अशा गाठी बहुतेक साध्याच निघतात. तरीही काढलेली गाठ तपासल्याशिवाय टाकून देऊ नका, ही आमची कळकळीची विनंती.

गळ्याच्या मधोमध असलेली, घोट गिळताना आणि जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ बहुधा थायरोग्लॉसल सिस्ट (सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी) असते. बाळ पोटात असताना थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळापासून खाली उतरते. ती वाट बुजायची राहिली की तिथं पुढे पाणी साठतं. अशा शंभरांत साधारण एका गाठीत कॅन्सर निघतो. तो बहुतेक वेळा थायरॉइडचा पॅपिलरी प्रकार असतो आणि उपचारांना चांगली दाद देतो. बाहेरून हात लावून मात्र तो कळत नाही. आम्ही पिशवी उघडून आतली भिंत न्याहाळतो. गुळगुळीत अस्तरावर कुठं चामखिळीसारखा खरखरीत उंचवटा दिसला की त्याचा तुकडा हमखास घेतो.

मानेच्या बाजूला येणारी जन्मजात गाठ म्हणजे ब्रँकियल सिस्ट. इथं आधी वय बघा. चाळिशीनंतर नव्यानं आलेली पाण्याची गाठ जन्मजातच असेल, असं धरून बसू नका. टॉन्सिलचा, जिभेच्या मुळाचा किंवा थायरॉइडचा कॅन्सर मानेतल्या लसिकाग्रंथीत उतरतो, आत पाणी होतं आणि ती हुबेहूब सिस्टसारखी दिसते. खुद्द ब्रँकियल सिस्टमध्ये सुरू झालेला कॅन्सर फारच दुर्मीळ; अमेरिकी सर्जन हेज मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९५० साली त्यासाठी कडक निकष मांडले. म्हणून तसा रिपोर्ट देण्याआधी आम्ही घशातल्या कॅन्सरचा माग देणारा पी-१६ हा खास रंग लावतो आणि घसा, टॉन्सिल दुर्बिणीनं तपासून घ्यायला सांगतो. आपल्या भागात टीबीची गाठही अशीच मऊ लागते, तीही तपासावी लागते.

सुईच्या तपासणीत नुसतं पाणी आलं तर ‘निगेटिव्ह’ रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. पाण्यात पेशी कमी असतात. सोनोग्राफीत बघून भिंतीच्या घट्ट भागातून पुन्हा नमुना घ्यायला डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशननंतर गाठ अख्खी आणा, कापून दोन लॅबमध्ये वाटू नका. रुंद तोंडाच्या बरणीत, गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रव, १० टक्क्यांचं) हवं. सलाइन किंवा साध्या पाण्यात आणलेला तुकडा एसटीच्या प्रवासातच सडायला लागतो, मग पेशी ओळखू येत नाहीत. मधल्या गाठीसोबत जिभेखालच्या हायॉइड हाडाचा तुकडाही काढतात. तो आम्लात मऊ करावा लागतो, म्हणून त्या रिपोर्टला काही दिवस जास्त लागतात.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा आणखी कुठं दाखवायला जाणार असाल, तर कागदी रिपोर्टसोबत आमच्याकडून गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइडही मागून न्या.