राणी लक्ष्मीबाईंचे रूप : चित्रे, पुतळे आणि चित्रपट

उधळलेला घोडा, उगारलेली तलवार, काष्ट्याचे नऊवारी लुगडे आणि पाठीशी बांधलेले लहानगे मूल. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई म्हटले की हेच चित्र डोळ्यांपुढे येते. शाळेतले तक्ते, दिनदर्शिका, चौकातले पुतळे, चित्रपटांची पोस्टरे, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच मुद्रा दिसते. प्रत्यक्षात या चित्रात दोन वेगळे प्रसंग एकत्र झाले आहेत. मूल पाठीशी बांधल्याचे वर्णन एप्रिल १८५८ मध्ये झाशी सोडतानाचे आहे, तर समोरासमोरची शेवटची लढाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे झाली. लढाईच्या वेषाबद्दल जे लिहून ठेवले गेले आहे, त्याच्याशी तर चित्रातले लुगडे जुळतच नाही.

राणीला स्वतः पाहून लिहिणारे फार थोडे. त्यांतले दोघे महत्त्वाचे. पहिला जॉन लँग, ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील. झाशी संस्थान खालसा झाल्यावर १८५४ मध्ये राणीने त्याला सल्ल्यासाठी बोलावले. बोलणे पडद्याआडून चालले होते. मध्येच छोट्या दत्तक मुलाच्या हातून पडदा बाजूला झाला आणि लँगला राणी दिसली. त्याने लिहिलेले रूप असे : मध्यम उंची, अंगाने काहीशी भरलेली, चेहरा गोल, डोळे अतिशय सुंदर, नाक रेखीव, वर्ण फार गोरा नाही पण काळाही नाही. अंगावर पांढरे तलम मलमलीचे वस्त्र आणि दागिना म्हणाल तर कानांत सोन्याची कर्णभूषणे एवढाच. आवाज मात्र त्याला आवडला नाही. वय त्याने सव्वीस-सत्तावीस सांगितले आहे.

दुसरे विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत झाशीत अडकले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मधली राणी उंच आणि गोरी आहे, साक्षात गौरीसारखी दिसणारी. लँगशी हे जुळत नाही. दोघांपैकी एकाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. लँगने एका संध्याकाळी ओझरते पाहिले आणि युरोपीय सौंदर्यकल्पनेने मोजले. गोडसे भटजींनी धनीण म्हणून पाहिले, आणि लिहायला बसले ते पाव शतकानंतर. शिवाय १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी हे पुस्तक छापले ते भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ मध्ये वाचकांपुढे आली.

वेषाच्या बाबतीत गोडसे यांच्याइतका तपशील कोणीच देत नाही. दरबारात राणी बहुधा पुरुषवेषात येत : पायजमा, अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि तीवर बांधलेले पागोटे, कमरेला दुपट्टा व त्यात तलवार. क्वचित स्त्रीवेष केला तर पांढरे वस्त्र आणि पांढरी चोळी. गळ्यात मोती, हातात बांगड्या, बोटात हिऱ्याची अंगठी. पण पतीच्या निधनानंतर नथ कधीच नाही. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले, म्हणजे राणीचा सारा राजकीय आणि लष्करी काळ वैधव्यातला आहे. केशवपन केले नव्हते, त्याबद्दल त्या रोज प्रायश्चित्त घेत. रणांगणावर नथ, ठसठशीत कुंकू आणि भरजरी शालू दाखवणारी चित्रे म्हणूनच चुकीची ठरतात. ही चूक केवळ पोशाखापुरती नाही. त्या काळच्या ब्राह्मण विधवेने पांढऱ्या वस्त्रांत राज्य चालवावे आणि पायजमा घालून फौजेपुढे घोडा काढावा, यात जो निग्रह होता तो रंगीत शालूखाली झाकला जातो.

पाठीवरच्या मुलाला गोडसे यांचा आधार आहे. झाशी पडल्यावर राणीने रेशमी वस्त्राने दत्तकपुत्राला पाठीशी बांधले आणि रात्री मोजक्या स्वारांसह शहर सोडले, असे ते लिहितात. चूक आहे ती मुलाच्या वयात. दामोदररावांचे दत्तकविधान १८५३ मध्ये झाले तेव्हाच ते सुमारे पाच वर्षांचे होते. १८५८ मध्ये ते नऊ-दहा वर्षांचे असणार, आणि गोडसे तर त्यांना त्याहून मोठे समजतात. शिल्पकारांनी त्यांना दोन-तीन वर्षांचे केले, कारण मोठा मुलगा पाठीवर घेतला की घोडेस्वाराचा तोल दिसायला बिघडतो. हेच दामोदरराव पुढे इंदुरात राहिले आणि १९०६ मध्ये वारले. किल्ल्याच्या तटावरून घोड्यासह घेतलेली उडी ही लोककथा आहे. राणी बाहेर पडल्या त्या भांडेरी दरवाजाने.

शेवटच्या लढाईतल्या वेषाबद्दल इंग्रजी हकिकतींत लाल बंडी, लाल विजार, पांढरा फेटा आणि गळ्यात शिंद्यांच्या खजिन्यातला मोत्यांचा कंठा असे वर्णन येते. आठव्या हुसार्स या इंग्रजी घोडदळाच्या हल्ल्यात त्या पडल्या तेव्हा ही स्त्री आहे हे मारणाऱ्याला कळलेही नसावे. साध्या स्वारासारख्या त्या दिसत होत्या हे त्यामागचे मुख्य कारण.

समोर बसवून काढलेले, निर्विवाद म्हणता येईल असे एकही चित्र हाती नाही. हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने १८५० मध्ये काढलेले म्हणून एक छायाचित्र दाखवले जाते, पण ती व्यक्ती लक्ष्मीबाईच आहेत हे सिद्ध झालेले नाही. समाजमाध्यमांवर ‘राणीचा खरा फोटो’ म्हणून जे फिरते ते पाहताना एवढे तरी विचारावे, की अंगावर नथीसकट एवढे दागिने असतील तर चित्र १८५३ च्या आधीचे असायला हवे. तसे ते आहे का?

चित्रपटांनी पुतळ्यांचीच प्रतिमा पुढे चालवली. सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ (१९५३) टेक्निकलरमध्ये चित्रित झाला, आणि रंग आला तसा पोशाखाचा थाटही आला. ‘मणिकर्णिका’च्या (२०१९) पहिल्याच पोस्टरवर पाठीवर मूल आणि हातात तलवार होती. वयाचा प्रश्न मात्र निर्मात्यांच्या हातचा नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या १८९४ च्या चरित्रापासून जन्मसाल १८३५ धरले जाई, आता १८२८ जास्त प्रचलित आहे. पहिले धरले तर मृत्युसमयी राणी बावीस वर्षांच्या होत्या, दुसरे धरले तर एकोणतीस. लँगचा अंदाज दुसऱ्या सालाच्या बाजूने जातो. मोदींच्या चित्रपटात ही भूमिका करणाऱ्या मेहताब तेव्हा तिशी ओलांडलेल्या होत्या.